बिनबियांच्या गावाहून

आमच्या निफाडकडे बी म्हणजे बदनामी. द्राक्षाचा मणी चावला आणि दाताखाली काही कडक लागलं, की व्यापाऱ्याला भाव पाडायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. माझ्या धाकट्या भावाचं घर, दोन पोरांची शिक्षणं आणि ट्रॅक्टरचे हप्ते, सगळं बिनबियांच्या मण्यांवर चाललेलं. त्यामुळे एका डिसेंबरात तो सकाळी सात वाजता नाशिकला माझ्या गच्चीवर आला आणि स्टुलावर बसून चिमट्याने गुलाबाच्या कळ्या सोलणारी बहीण त्याला दिसली, तेव्हा थोडा वेळ तो नुसताच बघत उभा राहिला.

"काय चाललंय, ताई?"

"बी धरायचीय."

"गुलाबाला बी असते?"

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. पन्नाशी उलटेपर्यंत मलाही हा प्रश्न पडला नव्हता. गुलाब काडीतून येतो, नाहीतर खुंटावर डोळा भरून. फूल वाळलं की आपण कात्री चालवतो, कारण बोंड धरलं की झाडाची ताकद तिकडे जाते आणि पुढचा बहर लांबतो. वर्षानुवर्षं आपण बोंड होण्याआधीच खुडत असतो, आणि मग म्हणतो की गुलाबाला बी नसते.

भावाने पिशवीतली वांगी खाली ठेवली. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "आमच्या मण्यात बी नाही म्हणून तो फुगत नाही, म्हणून आम्ही घडन् घड जीएमध्ये बुडवतोय. आणि तू इथं बी यावी म्हणून फुलं भादरत बसलीयेस. एकाच आईची लेकरं आपण."

तो बोलला ते शास्त्रालाही धरून होतं. मणी फुगवणारं संप्रेरक बीच तयार करते. बी नाही म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, तेच ते जिबरेलिक ॲसिड, म्हणजे भावाचं जीए. आणि थॉम्पसन सीडलेसमध्ये बी मुळातच नसते असंही नाही. परागीभवन होतं, गर्भ धरतो आणि अगदी सुरुवातीलाच खुरटून जातो. नीट बघितलं तर मण्यात तिची पांढरट खूण सापडते. द्राक्षवाल्यांच्या दृष्टीने हे वरदान आहे. मी ज्या उद्योगात पडले आहे त्यात हेच रोजचं दुखणं आहे.

उद्योग म्हणजे गुलाबाच्या नव्या जाती करून बघणे. व्यवसाय नव्हे. मी बँकेत कॅशियर होते, तीस वर्षं नोटा मोजल्या. निवृत्तीनंतर गच्चीवर चौतीस कुंड्या झाल्या आणि त्यातून हे वेड निघालं. मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, त्या नावाचा आधार मी नवऱ्याला खतपाण्याच्या खर्चाचं समर्थन म्हणून अनेकदा दिलेला आहे.

सुरुवात आइसबर्गपासून झाली. पांढऱ्या गुलाबांमध्ये बागेत सहज टिकणारी ही जात. जर्मनीतल्या कोर्डेस यांनी १९५८ साली आणली आणि आज पुण्या-नाशिकच्या कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. झुबक्यांनी फुलते, काटे कमी, पानं तुकतुकीत. आमच्या पावसाळ्यात बाकीचे गुलाब काळ्या ठिपक्यांनी निष्पर्ण होतात, तेव्हाही माझ्या गच्चीवरच्या हिच्या अंगावर काहीतरी उरतं. फक्त वास जेमतेम. मला वाटलं, हिच्यात वास आणता आला तर! एवढं साधं स्वप्न. मी तिच्या फुलांवर एका गडद लाल, सुवासिक गुलाबाचे पराग टेकवले आणि वाट बघितली. दोन-अडीच आठवड्यांत एकेक देठ पिवळा पडून गळाला. दोन हंगामांत अडतीस फुलं केली. एक बोंड आलं, हरभऱ्याएवढं. त्यात दोन बिया. उगवली एकही नाही.

रोपवाटिकेत विचारलं, तर तिथल्या म्हाताऱ्या माळीबाबांनी मान हलवली. "बाई, ते झाड वांझ हाय. दुसरं न्या."

त्या शब्दाकडे पुढे येते. आधी झाडाचं आडनाव-गोत्र सांगते, कारण दोष कुठे आहे ते त्यात आहे.

गुलाबाचा हिशोब सातच्या पाढ्यात चालतो. गुणसूत्रांचा एक संच सातांचा. रानातले पुष्कळ गुलाब आणि जुने चिनी गुलाब दोन संचांचे, म्हणजे चौदा. आज दुकानात मिळणारे लांब दांड्याचे हायब्रिड टी बहुतेक चार संचांचे, म्हणजे अठ्ठावीस. फूल तयार करताना झाड आपली शिल्लक निम्मी करून पराग आणि बीजांड यांत टाकतं. चौदाचे सात-सात होतात, अठ्ठावीसचे चौदा-चौदा. इथवर रोकड जुळते. पण चौदावाल्याचं आणि अठ्ठावीसवाल्याचं लग्न लावलं, की सात अधिक चौदा असं एकवीसचं पोर होतं. दिसायला धडधाकट, कधीकधी आई-बापांपेक्षा देखणं. त्याच्यावर निम्मं करायची वेळ आली की गडबड. एकवीस भागिले दोन. कॅशियरला विचारा, साडेदहाची नोट कुठे असते?

जळगावचं केळं हेच तर आहे. केळीचा संच अकराचा. आपण खातो ती केळी तीन संचांची, तेहतीसची. म्हणून केळ्यात बी नाही, नुसते काळे ठिपके, आणि म्हणून केळीची लागवड मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांनी. केळ्याला कुणी वांझ म्हणत नाही. उलट लग्नाच्या मांडवात खांब उभे करतो.

आइसबर्ग एकवीसची आहे. तिची आई रॉबिन हूड, पेम्बर्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने काढलेल्या झुडुपी गुलाबांपैकी. बाप व्हर्गो, पांढरा हायब्रिड टी. एवढं कळल्यावर कुणीही शहाणं माणूस तिचा नाद सोडून दुसऱ्या जोडीकडे वळलं असतं. मी वळणार होते. पण वाचताना एक गोष्ट पुढ्यात आली. डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज शेतकऱ्याने जुन्या गुलाबांची ठेवण आणि नव्यांचं सतत फुलणं एकत्र करण्याचा ध्यास घेतला होता. १९८३ साली त्याने ग्रॅहम थॉमस नावाचा पिवळा गुलाब बाजारात आणला आणि जगभर त्याचं नाव झालं. त्या गुलाबाची वंशावळ उलगडली तर आजीच्या जागी कोण? आइसबर्ग. एकवीसची, हिशोब न जुळणारी आइसबर्ग.

म्हणजे साडेदहाची नोट नसते हे खरं, पण झाड काउंटर बंद करत नाही. ते कुणाला सात देतं, कुणाला चौदा, कधी मधलं काहीतरी वेडंवाकडं, कधी न मोजता अख्खी एकवीसची थैलीच उचलून देतं. बहुतेक वाया जातं. पण शेकड्यात एखाद्या परागाला बरोबर चौदा मिळाले, आणि समोरच्या अठ्ठावीसवालीनेही चौदा दिले, तर त्या पोराचे पुढचे सगळे हिशोब सुरळीत. फक्त तेवढे शेकडे मोजायची तयारी हवी.

मग मी वही घातली. जुन्या लेजरची पद्धत, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज एनपीए. गुलाबाला मी तीन हंगाम देते.

पालक निवडताना लोक पहिली चूक करतात ती मीही केली. दोन सगळ्यात सुंदर फुलं निवडायची आणि एकमेकांवर घासायची. वधूवर मेळाव्यातही फोटोवरून इतकं ठरत नाही. भरगच्च फुलाच्या पाकळ्या काही आभाळातून पडलेल्या नसतात. त्यातल्या कितीतरी म्हणजे रूप पालटलेले पुंकेसर. सत्तर-ऐंशी पाकळ्यांचं फूल उकललं, तर मध्ये परागकोश सापडतात पाच-सात, तेही दबलेले. कधी तर स्त्रीकेसरांच्या जागी हिरवी पानासारखी टोकं. सौंदर्यासाठी झाडाने जे खर्च केलं ते आपल्याला वंशासाठी हवं असतं, आणि ते आता शिल्लक नसतं. (पत्रिका जुळवण्याची उपमा इथे सगळे देतात. मला ती पटत नाही. छत्तीस गुण जुळलेल्या दोन झाडांपासून त्यांच्यासारखंच तिसरं मिळेल. वेगळं काही हवं असेल तर थोडं वाकडं जुळवावं लागतं.)

आता मी आई निवडते ती फुलाकडे बघून नव्हे. ऑक्टोबरात, भाऊ द्राक्षाची गोडी छाटणी करतो त्याच सुमाराला मी गुलाब छाटते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत बहर येतो. त्या बहरातली काही फुलं मी प्रत्येक झाडावर तशीच सोडून देते, खुडत नाही. महिन्याभराने बघते, कुणाच्या देठावर बोंड टिकलंय. मधमाशीने कुठलेही पराग आणून टाकले तरी जिने धरलं, तिला आपलं धरायलाही हरकत नसावी.

या परीक्षेत माझ्या चौतीस कुंड्यांत पहिली आली एक बिननावाची गुलाबी. शेजारचा जुना वाडा पाडला तेव्हा कंपाउंडजवळून काडी तोडून आणलेली. फूल मध्यम, वीसेक पाकळ्या, वास हलका पण खराखुरा. तिचं नाव-गाव मला माहीत नाही. पण बोंडं अशी धरते की डिसेंबरात लावलेल्या वीस फुलांतली पंधरा टिकतात. प्रदर्शनात तिला कुणी टेबलावर जागा देणार नाही. आई मात्र तीच.

अशी झाडं मोठमोठ्यांच्या घरात असतात. कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलिया गावी राल्फ मूर नावाचे गृहस्थ छोटे, मिनिएचर गुलाब काढत. शंभरी ओलांडून २००९ साली गेले. त्यांच्याकडे एका रोपाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक: शून्य-सत्तेचाळीस-एकोणीस. जपानकडच्या रानटी वेलगुलाबाचं आणि फ्लोराडोरा नावाच्या लाल गुलाबाचं पोर. त्या क्रमांकाच्या पोटून निघालेले छोटे गुलाब लोकांनी नावानिशी विकत घेऊन जगभर लावले. त्यांच्या आजीचं नाव विचारलं तर आकडा सांगायचा.

तर हाताशी धरणारी आई आणि स्वप्नातला बाप, असं ठरवलं. आइसबर्गला आई करण्याचा हट्ट सोडला, तिला बाप केलं. दिशा बदलली की निकाल बदलतो, हे गुलाबात फार टोकाचं असतं. युरोपच्या कुंपणांतला कुत्रागुलाब, रोझा कॅनिना, पस्तीस गुणसूत्रांचा आहे. तो परागात सातच देतो आणि बीजांडात अठ्ठावीस. तो आई झाला तर पोर जवळपास त्याच्यासारखंच, बाप झाला तर वेगळंच. तेच दोघे, नुसती अदलाबदल.

काम कसं चालतं ते सांगते, कारण भावाने त्या सकाळी ते पूर्ण बघितलं. आईची कळी निवडायची ती उमलू घातलेली पण न उमललेली. पाकळ्या सैल झाल्या असाव्यात, आतले परागकोश फुटलेले नसावेत. पूर्ण उमललेल्या फुलावर माशी आपल्याआधी येऊन गेलेली असते. पाकळ्या पिळून काढायच्या. मग चिमट्याने सगळे पुंकेसर. उरतो मधला स्त्रीकेसरांचा गुच्छ, टकलू, थोडा केविलवाणा. बापाकडचे परागकोश आदल्या दिवशीच काढून स्टीलच्या वाटीत सावलीत वाळवायचे. सकाळी वाटीच्या तळाला पिवळी भुकटी दिसते. हळदीपेक्षा बारीक. दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसरांची टोकं ओलसर चमकायला लागली की बोटाने भुकटी टेकवायची. मी ब्रश वापरत नाही. ब्रशात कालचा बाप राहून जातो. वर बटरपेपरची पिशवी, देठाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहायचं, शाई पहिल्याच पाण्यात वाहून जाते.

भाऊ म्हणाला, "एवढं करून धरलं नाही तर?"

"तर नावे टाकायचं."

त्या हंगामात बिननावाच्या गुलाबीवर आइसबर्गचे पराग शेहेचाळीस फुलांना लावले. नऊ बोंडं टिकली. तुलनेसाठी त्याच झाडावर साध्या हायब्रिड टीचे पराग वीस फुलांना लावले होते, त्यातली चौदा टिकली. एवढा फरक बघून मी भाचीकडे गेले. ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिने दोन्हीकडचे पराग काचपट्टीवर घेऊन ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकला. जिवंत कण रंग पितो, लाल आणि गरगरीत दिसतो. हायब्रिड टीचे बहुतेक तसे होते. आइसबर्गचे बघितले आणि मला माहेरचं खळं आठवलं. ज्वारी उफणताना वाऱ्यावर उडून जातात तसे पोचट, सुरकुतलेले, फिकट. त्यांच्यामधून कुठेकुठे एखादा टपोरा लाल दाणा.

आता तो शब्द. आमच्या एका आत्याला तो आयुष्यभर चिकटला होता. हळदीकुंकवाला तिला मागे बसवत, डोहाळजेवणाला बोलावतच नसत. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. दुसरीलाही मूल झालं नाही. त्यावर आमच्या घरात कुणीच कधी काही बोललं नाही, आणि मी लहान होते तरी ती शांतता मला लक्षात आहे. भाचीच्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले असताना आत्याची आठवण का आली ते सांगायला नको. त्यानंतर माझ्या वहीत तो शब्द नाही. "या आईवर, या परागाने, या महिन्यात धरलं नाही" असं लिहिते. ओळ लांब होते, पण खरी होते.

आणि तशी ती लिहिली तरच पुढे काही करता येतं. विल्हेल्म कोर्डेस यांची गोष्ट याबाबतीत मला सगळ्यात मोठी वाटते. आइसबर्ग त्यांच्याच घरची. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते, जर्मन म्हणून पकडले गेले आणि आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत त्यांनी नजरकैद भोगली. तिथे त्यांनी संकरावर मिळेल ते वाचून काढलं. पुढे जर्मनीत परतल्यावर थंडीत न मरणारा वेलगुलाब काढायचा, हा त्यांचा ध्यास झाला. त्यासाठी त्यांच्या डोळ्यांसमोर होता मॅक्स ग्राफ, १९१९ साली अमेरिकेतल्या कनेटिकटमधून आलेला. जपानच्या समुद्रकाठचा चिवट रुगोसा आणि जमिनीवर पसरणारा विचुराना यांचा संकर. कडाक्याची थंडी सोसतो, रोग जवळ येऊ देत नाही. दोन्ही आईबाप चौदाचे, पोरही चौदाचं, म्हणजे आकड्याने हिशोब जुळायला हवा. पण जुळत नव्हता. दोन घराण्यांचे संच इतके परके, की पोटातल्या पोटात जोड्याच लागेनात. बोंडं धरतच नसत म्हटलं तरी चालेल. सगळ्यांच्या लेखी हे झाड पालक म्हणून बाद होतं.

कोर्डेस यांनी ते ठेवलं. वर्षानुवर्षं ठेवलं. १९४० च्या सुमाराला, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, त्यावर आपसूक धरलेल्या बोंडांतून मोजकी रोपं निघाली. त्यातलं एक टिकलं. त्या रोपाच्या पेशींत अठ्ठावीस गुणसूत्रं भरली. मॅक्स ग्राफने काय केलं होतं? निम्मी वाटणी जमत नाही म्हणून निम्मी केलीच नव्हती. सगळी शिल्लक तशीच पुढे दिली होती, दोन्हीकडून. त्यामुळे प्रत्येक संचाला आता स्वतःचा जुळा मिळाला आणि झाड सुफळ झालं. शास्त्रज्ञांनी त्याला नवीन जातीसारखं नाव दिलं, रोझा कोर्डेसी. त्यातून डॉर्टमुंडसारखे वेलगुलाब आले, आणि पुढे कॅनडात ओटावाला फेलिसिटास स्वेइडा यांनी त्याचाच आधार घेऊन बर्फात टिकणारे गुलाब काढले.

हे वाचल्यावर मी दोन दिवस काही वाचलं नाही.

पण उत्साहात विसरू नये अशी उलट बाजूही आहे. फ्रान्समधल्या लिऑनला पेर्ने-दुशे यांना हायब्रिड गुलाबांत झगझगीत पिवळा रंग हवा होता. तो इराणकडच्या पर्शियन यलोमध्ये होता, आणि त्या झाडाचा पराग असा, की वर्षांमागून वर्षं गेली तरी हाताला फारसं लागेना. शेवटी लागलं. १९०० साली सोलेई द'ऑर, म्हणजे सोन्याचा सूर्य, बाजारात आला आणि आजच्या पिवळ्या-नारिंगी बागा बऱ्याच अंशी त्या चिकाटीवर उभ्या आहेत. त्याच वाटेने पर्शियन यलोची काळ्या ठिपक्यांची खोडही घराघरांत शिरली. माझ्या गच्चीवर श्रावणात पानं गळतात तेव्हा मला लिऑनच्या त्या माणसाचा राग येतो, आणि मग त्याची दोन्ही मुलं पहिल्या महायुद्धात मारली गेली हे आठवून तो ओसरतो. मुलाच्या नावाने त्याने १९२० साली जो गुलाब आणला, तोही पिवळाच.

आपल्याकडचा प्रश्न आणखी वेगळा आहे. वाचलेलं सगळं थंड देशांतलं. तिकडे वसंतात फुलं लावतात आणि बोंडं पिकायला अख्खा उन्हाळा मिळतो, मायेचा. आमचं डिसेंबरात धरलेलं बोंड पिकायला लागतं मार्च-एप्रिलात, जेव्हा गच्चीवरची फरशी तापून चपलेशिवाय उभं राहवत नाही. थंडीत सुफळ ठरलेली आई इथे उन्हाने बोंड टाकू शकते. दिल्लीत डॉ. बी. पी. पाल यांनी, जे गव्हाचे नामांकित पैदासकार आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आपल्या हवेतले गुलाब छंद म्हणून काढले. कोडाईकॅनॉलला एम. एस. विरराघवन यांनी सनदी नोकरी सोडून तर याच मुद्द्यावर आयुष्य लावलं: उष्ण देशाला गुलाब हवा असेल तर पालकही उष्ण देशातले हवेत. त्यांनी निवडलेले दोन, मणिपूरच्या डोंगरांतला प्रचंड वेल रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागी मुळं बुडवून उभा राहणारा रोझा क्लिनोफिला. दोघेही चौदाचे. म्हणजे बाजारातल्या अठ्ठावीसवालीशी जोडी लावली की पुन्हा दारात एकवीस उभे. ठाऊक असून ते त्या वाटेने गेले. त्यांच्या एका गुलाबाला नाव आहे ई. के. जानकी अम्मल. गुणसूत्रं मोजण्यात जिने हयात घालवली, कोइमतूरला उसावर काम केलं आणि १९४५ साली डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश काढला, ती बाई. आमच्या या सगळ्या आकडेमोडीच्या मुळाशी अशी माणसं आहेत.

माझी नऊ बोंडं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नारिंगी झाली. उन्हाच्या वेळी त्यांच्यावर मी जुनी सुती साडी बांधत असे. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं पापड घातलेत. बोंड कापलं की आतल्या केसांनी बोटांना खाज सुटते, ती खोबरेल लावूनही दिवसभर जात नाही. एकतीस बिया निघाल्या. ओल्या कोकोपीटमध्ये, डबीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. गुलाबाच्या बीला हिवाळा होऊन गेला असं वाटल्याशिवाय ती उठत नाही, आणि एप्रिलातल्या नाशिकला हिवाळा फक्त तिथेच मिळतो. नवऱ्याने एकदा ती डबी कढीपत्त्याची समजून उघडली.

गणपतीनंतर पेरल्या. चार उगवल्या. दोन रोपमरीने गेल्या, एक माझ्या हलगर्जीपणाने: पुण्याला तीन दिवस लग्नाला राहिले आणि पाणी घालायचं सांगायला विसरले. उरलं एक. सतत फुलणाऱ्या गुलाबाचं रोप वीतभर व्हायच्या आत कळी दाखवतं, तशी त्याने डिसेंबरात दाखवली. पांढरं. पाकळ्या सहा. वास? नाक खुपसलं तर, आणि सर्दी नसेल तर.

म्हणजे अडतीस अधिक शेहेचाळीस फुलांच्या हिशोबाने मला काय मिळालं, तर ज्या दोघांपासून निघालं त्या दोघांपेक्षाही साधं फूल. ते मी टाकून दिलं नाही. त्याच्या मधोमध परागकोशांचं पिवळं कडं होतं, दाट, चहाच्या चमच्यात मावणार नाही इतकं. भाचीने पट्टी केली. लाल दाणे. जवळजवळ सगळे.

यंदा, दुसऱ्या हंगामात, त्या रोपाला मी हात लावला नाही. फुलं आली तशी राहू दिली. जानेवारीत भाऊ आला, पेठेतून औषधं घेऊन जाताना. घाईत होता, घडांना पेपर लावायचे होते. चहा घेऊन गच्चीवर आला आणि मी त्याला क्रमांक सातची कुंडी दाखवली.

"हे? एवढ्यासाठी?"

फुलं बघून तो म्हणाला. मग त्याला खालची तीन हिरवी बोंडं दिसली. तो कुंडीजवळ उकिडवा बसला आणि मण्याला बघतो तसं त्याने एकाला अंगठ्याने हळूच दाबून पाहिलं.

"टणक आहे की."

"मधमाश्यांनी केलंय. मी काही केलं नाही."

त्याने दुसरं दाबलं. तिसरंही. चहा निवत होता.

"किती बिया असतील गं एकात?"

"मार्चएंडला मोजू," मी म्हटलं.